घरचे झटले, तरी फरक पडला नाही? ‘ॲटेंड’ चाचणी कशी वाचायची

अर्धांगवायूच्या पेशंटला घरी सोडताना फाइलमध्ये गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाचा एक कागद असतो. त्यावर हातापायांची चित्रं असतात. फिजिओथेरपिस्ट ते व्यायाम एकदा करून दाखवतात, “दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा करून घ्या” असं सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. मान डोलावणारी व्यक्ती बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असते. तुमच्या घरात किंवा शेजारीपाजारी हे घडलं असेल, तर हा कागद तुम्ही पाहिलेला आहे.

या कागदामागे एक गृहीतक आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, पण घरात माणसं आहेत. तेव्हा घरच्यांना नीट शिकवलं, तर निम्मं काम तेच करतील. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की तपासून बघायची गरजच वाटू नये. पण काही संशोधकांनी ते तपासलं, तेही भारतातच आणि मोठ्या प्रमाणावर. उत्तर आलं ‘फरक नाही’. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या चाचणीचं नाव ‘ॲटेंड’. मज्जासंस्थेच्या आजारांनंतरच्या पुनर्वसनावर काम करणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना ती टाळून पुढे जाता येत नाही. आज ती आपण जरा चिकित्सकपणे वाचू. कारण तिचा सोयीचा अर्थ काढणं फार सोपं आहे आणि त्या अर्थाची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

चाचणीत नेमकं काय केलं

भारतातल्या १४ रुग्णालयांतून १२५० पेशंट घेतले. सगळ्यांना महिन्याभराच्या आत स्ट्रोक झालेला होता, काहीतरी अपंगत्व उरलेलं होतं आणि काळजी घ्यायला घरचं एक माणूस पुढे आलेलं होतं. कोणाला कोणत्या गटात टाकायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. एका गटाला त्या रुग्णालयाची नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा तर मिळालीच, शिवाय घरच्या माणसाला पद्धतशीर प्रशिक्षण दिलं गेलं. त्यात आजाराची माहिती होती, पेशंटशी बोलून उद्दिष्टं ठरवणं होतं, काळजी कशी घ्यायची हे होतं आणि रोजच्या कामांचा सराव कसा करून घ्यायचा हेही होतं. म्हणजे नुसता हात वर-खाली करणं नव्हे, तर उठून बसणं, उभं राहणं, चालणं, पेला उचलणं. हे शिक्षण रुग्णालयात सुरू व्हायचं आणि घरी दोन महिन्यांपर्यंत चालायचं.

सहा महिन्यांनी, कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेल्या लोकांनी सगळ्यांची तपासणी केली. मुख्य प्रश्न एकच होता: किती जण दगावले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिले?

प्रशिक्षणाच्या गटात ६०७ पैकी २८५, म्हणजे ४७ टक्के. नेहमीच्या सेवेच्या गटात ६०५ पैकी २८७, म्हणजे तेही ४७ टक्केच.

हे आकडे पहिल्यांदा वाचले की पोटात खड्डा पडतो. एवढी माणसं, एवढी मेहनत, आणि तराजूचा काटा जागचा हलत नाही. लेखकांनीही आडपडदा ठेवलेला नाही. नवीन पुरावा येईपर्यंत, पुनर्वसनाचं काम कुटुंबाकडे सोपवणाऱ्या नव्या सेवांवर पैसा घालण्याला या निकालांचा आधार मिळत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. आपण ज्या कल्पनेवर वर्षानुवर्षं काम केलं ती चालली नाही, हे जगासमोर मांडायला धैर्य लागतं. त्याबद्दल लेखकांचं आधीच कौतुक करून ठेवते, कारण पुढे मी तक्रारी करणार आहे.

पळवाटा तपासून बघू

न आवडणारा निकाल आला की आपण कारणं शोधायला लागतो. तेव्हा नेहमीच्या तीन पळवाटा एकेक करून बघू.

पहिली: चाचणी छोटी होती. नाही, पुनर्वसनाच्या क्षेत्रात १२५० हा आकडा दणदणीत आहे. दोन गटांची तुलना करणारा ऑड्स रेशो ०.९८ आला आणि त्याभोवतीची ९५ टक्के खात्रीची मर्यादा ०.७८ ते १.२३ अशी होती. याचा घरगुती अर्थ असा: नेहमीच्या सेवेत शंभरातले ४७ जण दगावतात किंवा परावलंबी राहतात असं धरलं, तर प्रशिक्षणामुळे तो आकडा फार तर ४१ पर्यंत खाली आला असेल किंवा ५२ पर्यंत वर गेला असेल. मोठा फायदा असता तर तो या जाळ्यातून निसटला नसता. छोटा फायदा असू शकतो, पण त्याच न्यायानं छोटा तोटाही असू शकतो. मृत्यू प्रशिक्षणाच्या गटात ७२ आणि दुसऱ्या गटात ८६ झाले. हा फरक बघून आशा वाटते खरी, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो. त्यावर घर बांधता येणार नाही.

दुसरी: मोजपट्टी भोंगळ होती. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. वापरलेली मोजपट्टी म्हणजे सुधारित रँकिन स्केल. त्यात ० म्हणजे काहीच त्रास नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. २ वाला माणूस स्वतःचं सगळं स्वतः बघतो, फक्त पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत. ३ वाल्याला थोडी मदत लागते, पण तो आपला आपण चालतो. ४ वाल्याला आधाराशिवाय चालता येत नाही आणि स्वतःचे विधी उरकता येत नाहीत. ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला. या चाचणीत ० ते २ एका बाजूला आणि ३ ते ६ दुसऱ्या बाजूला अशी रेघ मारली होती.

आता विचार करा. तुमचे वडील अंथरुणात होते. सहा महिन्यांनी ते स्वतः उठून, भिंतीला धरत का होईना, मोरीपर्यंत जाऊ लागले. घराच्या दृष्टीनं हे जग बदलणं आहे. रात्री कोणाला उठावं लागत नाही, सुनेला नोकरीवर परत जाता येतं, वडिलांची लाज राखली जाते. पण रेघेच्या हिशेबात ते ५ वरून ३ वर आले, म्हणजे होते त्याच बाजूला राहिले. मुख्य निकालात ही सुधारणा शून्य धरली जाते.

म्हणून चाचणी बाद ठरते का? नाही. लेखकांनी रोजच्या कामांतलं स्वावलंबन वेगळ्या मोजपट्ट्यांवरही बघितलं, घरच्या माणसावरचा भारही बघितला. तिथेही प्रशिक्षणाची सरशी झालेली दिसली नाही. मोजपट्टीवरचा माझा आक्षेप कायम आहे, पण निकाल उलटवायला तो पुरत नाही.

तिसरी: सहा महिने कमी होते. हा आक्षेप तर सगळ्यात लंगडा. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन स्ट्रोक अभ्यासात १९९५ सालीच दिसलं होतं की ९५ टक्के पेशंट रोजच्या कामांतली आपली सर्वोत्तम पातळी साधारण पहिल्या तेरा आठवड्यांत गाठतात. त्यानंतर काहीच सुधारत नाही असा याचा अर्थ नव्हे, त्याबद्दल पुढे बोलूच. पण ढोबळ स्वावलंबनात फरक पडायचा असता तर तो सहा महिन्यांत दिसायला हवा होता.

तुलना कशाची कशाशी झाली?

निकाल खरा आहे असं मान्य केलं, की खरा प्रश्न समोर येतो: हा निकाल नक्की कशाबद्दल आहे?

चाचणीचं वर्णन ‘कुटुंबाच्या पुढाकारानं पुनर्वसन’ असं केलं आहे. हे शब्द वाचून वाटतं की एका गटाला कुटुंबाची मदत होती आणि दुसऱ्याला नव्हती. तसं अजिबात नव्हतं. दोन्ही गटांत काळजी घेणारं घरचं माणूस होतंच, कारण चाचणीत प्रवेश मिळण्याची अटच ती होती. दुसऱ्या गटातल्या घरच्यांनी हातावर हात ठेवून सहा महिने काढले असतील, असं आपल्याकडची घरं माहीत असलेला कोणीही म्हणणार नाही. कूस बदलणं, उठवून बसवणं, भरवणं, तेल लावून चोळणं, काखेत हात घालून अंगणात दोन फेऱ्या मारून आणणं, हे सगळं कोणी शिकवलं नाही तरी होतं. शिवाय दोन्ही गटांना रुग्णालयाची नेहमीची सेवा होती. १४ रुग्णालयांतली ‘नेहमीची सेवा’ एकसारखी असणंही शक्य नाही.

तेव्हा तुलना झाली ती ‘घरचे अधिक प्रशिक्षण’ आणि ‘घरचे, आपल्या परीनं’ यांच्यात. निकाल सांगतो की त्या प्रशिक्षणानं वर काही भर पडलेली दिसली नाही. घरच्यांच्या सेवेचा उपयोग नाही किंवा व्यायामाचा उपयोग नाही, असं तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही, कारण सेवेविना किंवा व्यायामाविना ठेवलेला गट यात नव्हताच. असा गट ठेवणं माणुसकीला धरूनही झालं नसतं.

माझी पहिली तक्रार इथे आहे. ‘कुटुंबाच्या पुढाकारानं’ या नावामुळे घरचे आधीपासून करत असलेलं काम अदृश्य होतं. ते काम जणू हवा-पाण्यासारखं गृहीत धरलं जातं, आणि त्यावर टाकलेला थर तेवढा ‘उपचार’ म्हणून मोजला जातो.

मग जास्त करायला हवं होतं का?

माझ्या क्षेत्रातले लोक यावर म्हणतात, “डोस कमी पडला.” या म्हणण्यात काय तथ्य आहे?

अमेरिका आणि कॅनडातल्या ३१२ थेरपी सत्रांचं निरीक्षण करून कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मोजदाद मांडली. ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला, त्यांत सरासरी ३२ वेळाच हालचाल झाली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात ते दिवसाला शेकडो पुनरावृत्तींनंतर. म्हणजे तज्ज्ञांच्या हाताखालीसुद्धा सराव तोकडाच होता. आपल्या कागदावरचं ‘दहा-दहा वेळा तीनदा’ म्हणजे दिवसाला तीसच भरतं, हे जाता जाता लक्षात घ्या. दुसऱ्या टोकाला लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरचा हातासाठीचा कार्यक्रम आहे. तिथे तीन आठवड्यांत ९० तासांची थेरपी देतात. २०१९ साली त्यांनी २२४ जणांचे निकाल दिले. त्यातल्या निम्म्या लोकांचा स्ट्रोक दीड वर्षाहून जुना होता, तरी हातात चांगली सुधारणा झाली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा पुरावा जपून वापरायला हवा. “सहा महिन्यांनंतर काही होत नाही” असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना प्रश्न विचारण्यापुरता तो नक्कीच पुरेसा आहे.

पण ‘जास्त म्हणजे चांगलं’ हेही सरळ नाही. लँग यांच्याच गटानं २०१६ साली ८५ जुन्या स्ट्रोक पेशंटांवर एकूण ३२००, ६४०० आणि ९६०० पुनरावृत्ती करून बघितल्या. जास्त पुनरावृत्तींनी जास्त फायदा झाला, असं दिसलं नाही. आणि २०१५ सालच्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीनं तर सगळ्यांनाच जमिनीवर आणलं. पाच देशांतले २१०४ पेशंट घेतले. एका गटाला स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ उठवलं-चालवलं. तीन महिन्यांनी नेहमीच्या सेवेत ५० टक्के लोक चांगल्या स्थितीत होते आणि या गटात ४६ टक्के. उत्साहानं थोडं नुकसानच झालं म्हणायचं. त्याच माहितीच्या पुढच्या विश्लेषणात दिसलं की सुरुवातीच्या दिवसांत थोडा थोडा वेळ, पण अधिक वेळा उठवणं बरं पडतं.

म्हणजे किती करायचं, कधी करायचं, केव्हा थांबायचं आणि कशानं अवघड करत न्यायचं, हे रोज ठरवावं लागतं. फिजिओथेरपिस्टचं खरं कौशल्य तेच आहे. हालचाल दाखवणं त्या मानानं सोपं. लुळा पडलेला हात धरून पेशंटला ओढून उठवलं तर खांदा दुखावतो, हे शिकवता येतं. पण आज पाय ताठ का झालाय, आधार कधी काढायचा, पेशंट डावीकडे बघतच नाही तो आळस आहे की मेंदूचा दोष, हे ओळखायला वर्षं लागतात. माझ्या मते ‘ॲटेंड’मध्ये पेच इथे आहे. व्यायाम घरी गेले, पण निर्णय घेणारी नजर घरी पुरेशी गेली नाही. हे माझं वाचन आहे, चाचणीनं सिद्ध केलेलं नाही. पण त्याला थोडा आधार देता येतो.

२०११ सालची अमेरिकेतली ‘लीप्स’ चाचणी घ्या. ४०८ पेशंट होते. काहींना अंगाचं वजन पेलणाऱ्या यंत्रात अडकवून ट्रेडमिलवर चालवलं. काहींच्या घरी फिजिओथेरपिस्टनं जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. अशी ३६ सत्रं झाली, प्रत्येकी दीड तासाची. वर्षाच्या शेवटी महागड्या यंत्राचा गट घरच्या व्यायामापेक्षा पुढे नव्हता. एकूण ५२ टक्के लोकांची चालण्याची क्षमता वरच्या पायरीवर गेली. आणि पहिले सहा महिने फक्त नेहमीच्या सेवेवर थांबलेला गट चालण्याच्या वेगात या दोघांच्याही मागे होता. देश वेगळा, पेशंट वेगळे, मोजपट्टी वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येणार नाही. पण एवढं दिसतं की घर ही जागा कमी प्रतीची नाही. ‘ॲटेंड’मध्ये हे काम सुट्टी न मिळणाऱ्या घरच्या माणसाकडे होतं, ‘लीप्स’मध्ये त्याच कामासाठी आलेल्या थेरपिस्टकडे.

‘फुकट’ माणूस

माझी दुसरी तक्रार सगळ्या चर्चेबद्दलच आहे. काम कुशल माणसाकडून कमी शिकलेल्या माणसाकडे सोपवणं ही सार्वजनिक आरोग्यातली जुनी युक्ती आहे. ती चालते हे महाराष्ट्राइतकं कोणाला माहीत असणार? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्येच छापून आलं.

पण फरक बघा. तिथे शिकवलेली बाई आरोग्यदूत होती. एका बाळानंतर दुसरं, दुसऱ्यानंतर तिसरं असं बघत तिचा हात बसत गेला. तिच्यावर देखरेख होती, तिला मोबदला होता. आपल्या घरातली सून एकच पेशंट बघते, आयुष्यात एकदाच. तिचा हात बसेपर्यंत पहिले तीन महिने निघून गेलेले असतात. स्वयंपाक, मुलं आणि शेत किंवा नोकरी सांभाळून ती हे करते. दोन्हींना ‘काम सोपवणं’ म्हणणं हा शब्दांचा गोंधळ आहे.

हा गोंधळ धोरणाच्या पातळीवर महागात पडतो. त्याच गडचिरोलीतल्या ८६ गावांच्या अभ्यासात, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार, मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक होतं, १४.३ टक्के. म्हणजे साधारण सात मृत्यूंमागे एक. हा फक्त शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार राहिलेला नाही. जिथे फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावीच भेटतो, तिथे ‘घरच्यांना शिकवलंय’ असं फाइलमध्ये लिहिलं की व्यवस्थेची जबाबदारी संपते. ‘ॲटेंड’च्या लेखकांनी पुढची वाट सुचवली आहे: घरच्यांऐवजी प्रशिक्षित आरोग्य-सहायक किंवा समाजात जाऊन काम करणारी टीम यांच्याकडे हे काम देऊन बघा. माझ्या मते त्यांच्या निबंधातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, पण ते शेवटी आणि थोडक्यात येतं. ‘फरक नाही’ हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

तुमच्या घरात पेशंट असेल तर

व्यायाम बंद करू नका. ही चाचणी तसं सांगत नाही, हे आता तुम्हीच दुसऱ्याला समजावू शकाल.

पण सगळा भार एकट्यानं उचलला म्हणजे माणूस बरा होईल, आणि नाही झाला तर आपण कमी पडलो, हे ओझं मात्र खाली ठेवा. १२५० कुटुंबांच्या या चाचणीतून माझ्यापुरतं निघालेलं सगळ्यात महत्त्वाचं सार हेच. पद्धतशीर शिकून झटलेल्या घरांतही शंभरातले ४७ पेशंट दगावले किंवा परावलंबी राहिले. स्ट्रोक किती मोठा होता, मेंदूच्या कोणत्या भागात झाला, वय काय, यांचा वाटा फार मोठा असतो.

डिस्चार्जच्या वेळी तो कागद हातात पडला की तीन गोष्टी विचारून घ्या. यातलं कोणतं रोजचं काम आम्ही आधी साध्य करायचं? आम्ही काय करायचं नाही? आणि व्यायाम बदलायची वेळ आली का, हे बघायला तुम्ही किंवा तुमच्यापैकी कोणी पुन्हा कधी भेटणार? तिसऱ्या प्रश्नाची तारीख कागदावर लिहून घ्या. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट रोज परवडत नसेल, तर पंधरा दिवसांतून एकदा बोलवा आणि त्या तासात पेशंटबरोबर तुमची पद्धतही तपासून घ्या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “गरज नाही, कागदावर सगळं आहे” असं आलं, तर पुन्हा विचारा. पुढची तारीख मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि ती देता येईल अशी सेवा उभी करणं हे आमच्या क्षेत्राचं राहिलेलं काम.